पांढरी चौकट

आईने तिच्या हातातली पेटलेली उदबत्ती काढून घेतली.

हिसकावली नाही. आयुष्यभर मासळी साफ करून चिरा पडलेल्या बोटांनी तिने ती हलकेच सोडवून घेतली आणि राखेच्या भांड्यात खोचण्याऐवजी शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बुडवली. चुर्र असा एवढासा आवाज झाला... आणि एवढ्याशा आवाजाने माणसाचं काळीज आरपार करपू शकतं हे सूयिनला त्या दुपारी कळलं! देव्हाऱ्यात गेलेल्या बाबांच्या नावाची लाकडी पाटी होती, आजोबांची होती. समोर पेजेचा वाडगा वाफाळत होता, आणि ती, या घरची थोरली लेक, परक्या बाईसारखी मोकळ्या हातांनी उभी होती.

"तुझी उदबत्ती नको," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "ज्या हाताने घरचं माणूस मोडलं, तो हात पूर्वजांसमोर जोडू नये. उद्या समेटाच्या बैठकीला ये. जे बोलायचं ते तिथे पंचांसमोर बोल."

सूयिनने मान हलवली. बैठकीच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बोवेन भिंतीकडे तोंड करून बसला होता. विजारीचा उजवा पाय गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेला होता. त्याची बायको पेइशान घराच्या पुढच्या भागातल्या पेजेच्या दुकानाची टेबलं पुसत होती, आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होती. टेबलाच्या कोपऱ्यावर सूयिनने आणलेली पेरूंची टोपली तशीच पडली होती. आमच्या थायनान शहरात गाडीने कुणाला उडवलं की त्याच्या घरी फळं घेऊन जायची रीत आहे. पण सख्ख्या भावाच्या घरी, ज्याला आपण पाठीवर बांधून पेज ढवळली त्याच्या घरी, 'समोरची पार्टी' म्हणून टोपली न्यायची पाळी कुणावर येऊ नये... ती सूयिनवर आली होती.

तिने चपला घातल्या. कुणी थांब म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या आपल्या पिवळ्या टॅक्सीत जाऊन बसली, आणि चावी फिरवण्याआधी बराच वेळ नुसती बसून राहिली.

हे सगळं कुठून सुरू झालं? अपघातापासून, असं गल्लीतले लोक म्हणतील. पण गल्लीतल्या लोकांना निम्मंच माहीत असतं आणि ते दुप्पट सांगतात. खरं तर ते सुरू झालं सूयिन शाळेत होती तेव्हा, ज्या सकाळी बाबा बाजारातून मासळी घेऊन स्कूटरवर निघाले आणि घरी आलेच नाहीत त्या सकाळी. आमच्याकडे दुचाकीला मोठ्या चौकात सरळ डावीकडे वळता येत नाही. आधी चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यात रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या चौकटीत जाऊन उभं राहायचं, आणि तिकडचा सिग्नल हिरवा झाला की मग पुढे निघायचं. मोटारींना ही सक्ती नाही, त्या खुशाल वळतात. बाबांना त्या दिवशी उशीर झाला होता, टोपलीतली मासळी उन्हाने खराब होईल अशी धास्ती होती, आणि ते चौकटीत न जाता सरळ वळले. समोरून मोटार आली.

तपासणी समितीने कागदावर लिहिलं, मुख्य कारण दुचाकी. त्या तीन शब्दांनी बाबांना दुसऱ्यांदा मारलं! मोटारवाल्याचा विमा हात झटकून मोकळा झाला, आणि शेजारपाजारचे सांत्वनाला येऊन जाताना हळूच म्हणत गेले की चूक त्यांचीच होती हो. आईने पुढे कित्येक वर्षं बाजारात मान वर केली नाही. सुतक संपायच्या आत तिने दोन्ही लेकरांना देव्हाऱ्यासमोर बसवलं आणि शपथ घातली, मरण आलं तरी सरळ वळायचं नाही, चौकटीत थांबायचं. सूयिनने शाळा सोडली आणि पेजेच्या पातेल्यापाशी उभी राहिली. बोवेन शिकला. सूयिनला दोन स्थळं आली, तिने दोन्ही परतवली, कारण पातेलं ढवळणार कोण? बोवेन तर चौकटीत इतक्या इमानाने थांबायचा की त्याचे मित्र त्याला हसत. रस्ता मोकळा असो, पाऊस कोसळत असो, हा आपला चौकटीत एक पाय टेकून उभा.

मग बोवेनचं लग्न झालं, पेइशान आली. पोरगी कामाची होती, हिशोबी होती, आणि एका पातेल्यात दोन डाव चालत नाहीत हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं. भांडण असं कधी झालं नाही. सूयिनच एके दिवशी आपली बॅग घेऊन कालव्यापलीकडे भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि टॅक्सी चालवू लागली. दुकान, घर, देव्हारा सगळं तिने मागे ठेवलं. बाबांच्या तिथीला तेवढी यायची.

यंदाच्या तिथीला ती लवकर आली. हातात डुकराच्या पायांचा रस्सा होता, बाबांना आवडायचा तो. मागच्या दाराने आत शिरताना तिला पेइशानचा आवाज ऐकू आला. पेइशान आईला विचारत होती, वन्संना उद्या काही झालं तर त्यांची पाटी कुठे ठेवायची? लग्न न झालेल्या मुलीची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, लोक नावं ठेवतात. अशा मुलींसाठी देवळं असतात, तिथे आत्ताच जागा धरून ठेवली तर पुढची पंचाईत टळेल. तिने हे कुजकेपणाने म्हटलं नव्हतं. मासळीचे खवले काढता काढता, डाळ संपत आलीय म्हणावं तशा सुरात म्हटलं होतं. आणि आई गप्प बसली.

सुनेचं बोलणं सूयिनने पचवलं असतं... पण आईचं ते गप्प बसणं! जिच्यासाठी तारुण्य चुलीपाशी वाफ होऊन गेलं, तिच्या तोंडून 'असं कसं' एवढे दोन शब्दही निघू नयेत! मेल्यावर ज्या घरात आपल्या नावाला हातभर फळी नाही, त्या घरासाठी आपण कोण होतो? सूयिनने रश्श्याचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि आल्या पावली निघून गेली.

मोटारीला त्या गल्लीतून सरळ मोठ्या रस्त्याला लागता येत नाही, वळसा घालावा लागतो. वळसा घालून ती मंदिराच्या चौकापाशी आली तेव्हा सिग्नल हिरवा होता, आणि तिचे डोळे भरून वाहत होते. समोरून स्कूटर येताना तिला दिसली. ओळखीची निळी स्कूटर. ती चौकटीकडे गेली नाही. एक हात वर करून, तोंडाने काहीतरी ओरडत, ती सरळ तिच्या गाडीसमोर वळली...

पुढचं तिला आठवायचं नव्हतं, म्हणून ते रोज आठवायचं.

इस्पितळात तरुण पोलीस वही उघडून समोर उभा राहिला. आतून पेइशानचं रडणं ऐकू येत होतं, आणि बाकावर आई बसली होती, बाबांच्या वेळी बसली होती तशीच, हात मांडीवर उपडे टाकून. पोलिसाने विचारलं, काय झालं? सूयिनला एकदम ते तीन शब्द दिसले, मुख्य कारण दुचाकी. ते पुन्हा लिहिले जाणार, या घरावर, या आईच्या कपाळावर! बोवेन जगला तर पाय गमावून, विमा गमावून, वर शपथमोड्या ठरून जगणार. आणि तिच्या तोंडून, जणू ते आधीच ठरलेलं होतं, शब्द बाहेर पडले.

"सिग्नल लाल होता. मी तोडला. तो चौकटीतून निघाला होता."

सगळ्यांचा विश्वास बसला, कारण बोवेन चौकटीतच थांबतो हे सगळ्यांना माहीत होतं. शुद्धीवर आल्यावर खुद्द बोवेनचाही बसला. डोक्याला मार लागून ती सकाळ त्याच्या मनातून पुसली गेली होती, पण आपण सरळ वळणार नाही एवढं तो स्वतःला ओळखत होता. म्हणजे ताईनेच... ज्या दिवशी त्याने असं मानलं त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे पाहणं सोडलं. टॅक्सीतल्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं. त्यातलं कार्ड काढून सूयिनने ते कालव्यात फेकलं आणि कॅमेरा बंद होता असं सांगून टाकलं. पेइशानने मुदतीच्या आत फिर्याद दाखल केली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता, नवऱ्याचा पाय गेलेली बाई दुसरं काय करणार.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात विमा कंपनीचा ल्याव सूयिनला भेटायला टॅक्सी थांब्यावर आला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सतत घाम पुसणारा माणूस. थांब्यामागच्या चहाच्या टपरीवर त्याने तिला बसवलं आणि आधी गोड आवाजात समजावून सांगितलं. बाई, दुचाकीचा दावा आणि मोटारीचा दावा एका तराजूत बसत नाही. दुचाकीचा सक्तीचा विमा मागे बसलेल्याला देतो, पायी चालणाऱ्याला देतो, समोरच्याला देतो, फक्त जो हँडल धरून बसलाय त्याला काही देत नाही. आणि तुमच्या भावाकडे, निम्म्या शहराकडे असतो तसा, तेवढाच होता. तेव्हा त्याला जे मिळायचं ते तुमच्या मोटारीकडूनच. त्यातला सक्तीचा वाटा चूक कुणाची ते विचारत नाही, तो मिळेलच. पण नकली पाय, बुडालेली कमाई, पुढचं आयुष्य हे सगळं तुम्ही वेगळा काढलेल्या मोठ्या विम्यातून येणार, आणि तो विमा पहिला प्रश्न हाच विचारतो की चूक कुणाची. तुम्ही सिग्नल तोडला असेल तर सगळं मिळेल. तो सरळ वळला असेल तर जवळजवळ काही नाही.

"मी तोडला," सूयिन म्हणाली.

ल्यावने कपाळ पुसलं. "एवढ्या वर्षांत आपणहून लाल सिग्नल कबूल करणारा टॅक्सीवाला मी बघितला नाही, बाई. ज्याचा खरोखर लाल असतो, तोसुद्धा हिरवा सांगतो."

"मग आता बघून घ्या."

"कॅमेरा बंद. सिग्नल कबूल. समोरची पार्टी सख्खा भाऊ." त्याने तीन बोटं मोजली आणि चहात साखर ढवळत बसला. "कंपनी मला शंका घेण्याचाच पगार देते. तुमचा परवाना जाईल, शिक्षा लागेल, ते तुमचं तुम्ही बघा. पण उद्या हे खोटं निघालं तर फसवणुकीचा खटला होतो. आणि तो फक्त खोटं बोलणाऱ्यावर होत नाही. ज्याने त्या खोट्यावर आपल्या नावाचा शिक्का उमटवून पैसे घेतले, त्याच्यावरही होतो."

सूयिनच्या हातातला पेला तसाच राहिला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! आपण भावाला वाचवतोय असं समजून त्याच्या एकुलत्या पायाखाली खड्डा खणला होता... आणि आता खरं सांगितलं तरी तो गेला, नाही सांगितलं तरी अडकला.  ल्याव उठला, तिच्याही चहाचे पैसे दिले आणि जाताना सहज म्हणावं तसं म्हणाला की शिक्का उमटेपर्यंत कागद नुसता कागद असतो.

आईने उदबत्ती विझवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तालुका कचेरीच्या वरच्या मजल्यावर बैठक भरली. लांब टेबल, त्यावर चहाचे पेले, खिडकीत गुरगुरणारा पंखा. अध्यक्षस्थानी तांग आजोबा होते, आयुष्यभर शाळेत मुलांची भांडणं सोडवून निवृत्त झालेले आणि आता मोठ्या माणसांची सोडवणारे. एका बाजूला सूयिन एकटी बसली, तिच्यापासून एक खुर्ची सोडून ल्याव. समोर आई, पेइशान आणि चाकांच्या खुर्चीत बोवेन. आईचे डोळे सुजलेले होते. बोवेन आज भिंतीकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या आपल्या मुठीकडे पाहत होता. सूयिनला वाटलं, त्याने एकदा तरी वर पाहावं, रागाने का होईना. लगेच वाटलं, नको, पाहू नये, नाहीतर आपला धीर सुटेल.

तांग आजोबांनी मसुदा वाचला. छाई सूयिन यांनी लाल सिग्नल तोडून वाहन पुढे नेले. छाई बोवेन पांढऱ्या चौकटीतून हिरव्या सिग्नलवर निघाले होते. संपूर्ण दोष सूयिन यांचा. कंपनी मोठ्या विम्यातून भरपाई देईल, मग फिर्याद मागे घेतली जाईल. त्यांनी चष्मा काढून विचारलं की दोघा लेकरांना हे मान्य आहे ना.

"मान्य," सूयिन म्हणाली. तिने पर्समधून आपला नावाचा शिक्का काढला, लाल शाईच्या डबीत दाबला आणि आपल्या नावाशेजारी उमटवला. तो जरा तिरका पडला. कागद टेबलावरून सरकत पलीकडे गेला. पेइशानने नवऱ्याचा शिक्का काढला, शाई लावली, आणि ती कागदावर वाकली.

सूयिनला ल्यावचे शब्द आठवले. ज्याने शिक्का उमटवला त्याच्यावरही! ओरडून थांबवावं? पण थांबवून सांगायचं काय?

बोवेनने बायकोच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला. मग त्याने दुसरी मूठ उघडली आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या.

कौलाच्या फाका होत्या त्या. संत्र्याच्या फाकेसारख्या वळलेल्या, एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर, लाल रंग उडालेल्या लाकडी फाका. पूर्वजांना काही विचारायचं असलं की त्या जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. घरच्याच होत्या, बाबांनी कोरलेल्या. एकीचा कोपरा मात्र आता फुटला होता.

आईच म्हणाली, कुणाकडे न पाहता. काल सूयिन गेल्यावर तिला चैन पडेना. पोरीची उदबत्ती विझवली, आता हिला माफ करू का म्हणून तुमच्या बाबांना विचारावं असं वाटलं. फाका शोधल्या तर देव्हाऱ्यात नाहीत. अपघाताच्या दिवसापासूनच नव्हत्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग पेइशानला इस्पितळातून आणलेली पिशवी आठवली. तिथे कापून काढलेली विजार होती, आणि तिच्या खिशात या.

"मी त्या हातात घेतल्या," बोवेन म्हणाला. "आणि मला आठवलं."

"काही आठवलं नाही त्याला." सूयिन उभीच राहिली. तिची खुर्ची मागे आपटली. "आजोबा, त्याच्या डोक्याला मार लागलाय. डॉक्टरांचा कागद आहे. तुम्ही शिक्का घ्या त्याचा..." बोलता बोलता तिला कळलं की आपण नेमकी ज्याची भीती वाटत होती तीच गोष्ट करायला सांगतोय, आणि तिचा आवाज मध्येच तुटला.

"ताई, बस. खाली बस आधी." किती महिन्यांनी त्याने तिला ताई म्हटलं होतं! "तू रश्श्याचं भांडं उंबऱ्यावर ठेवून गेलीस. मी ते बघितलं, आणि हिने काय म्हटलं तेही ऐकलं होतं. मी हिच्याशी भांडत बसलो नाही. मी या फाका उचलल्या आणि बाबांना विचारलं. म्हटलं, ताईचं जेव्हा होईल तेव्हा तिची पाटी तुमच्या शेजारी ठेवू का? लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."  पेइशानने तोंडावर हात घेतला होता. "लागोपाठ तीन वेळा होकार आला, ताई. तीन वेळा. मला इतका आनंद झाला की फाका परत ठेवायचं भान राहिलं नाही. स्कूटर काढली आणि गल्लीतून सुटलो. चौकात आलो तर समोरून तुझी टॅक्सी. चौकटीत जाऊन थांबलो असतो तर तू निघून गेली असतीस. एकदा गेलीस की तू परत येत नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून हात वर केला आणि सरळ वळलो." त्याचे डोळे भरून आले, पण आवाज सरळ राहिला. "तुझा सिग्नल हिरवा होता."

 सूयिनने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. जो आवाज इतके महिने तिच्या कानात नुसता ओरडा म्हणून घुमत होता, त्याचा अर्थ आज तिला कळत होता. तो तिला अडवत नव्हता. तो तिला जागा मिळाल्याचं सांगत होता!

"सूयिन." आई उठून टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आली. "माझ्याकडे बघ. सिग्नल कुठला होता?"

"लाल..."

"तुझ्या बाबांची आण. कुठला होता?"

आणि मग तो बांध फुटला. सूयिन आईच्या कमरेला मिठी मारून लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली, आणि त्या हुंदक्यांतून तुटक तुटक बाहेर पडलं. "हिरवा होता, आई... पण माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला समोरचं धड दिसत नव्हतं. ब्रेक उशिरा दाबला मी. तेवढा दोष माझा खरा आहे. बाकीचं... परत ते तीन शब्द नको होते आपल्या घरात. तुझ्याच्याने दुसऱ्यांदा सोसलं नसतं."

आईने तिचं डोकं पोटाशी दाबून धरलं. "मी शपथ घातली ती तुम्ही दोघं जगावं म्हणून," ती म्हणाली. "चौकट मोठी नव्हती गं. तुम्ही मोठी होतात. आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात मी गप्प बसले. काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. लोकांची रीत मोडायची हिंमत नव्हती माझ्यात, ती याच्यात निघाली."

ल्यावने घसा खाकरला. सगळ्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं, कारण तो तिथे आहे हे सगळे विसरलेच होते. सूयिनला वाटलं, आता हा खटल्याचं बोलणार. त्याने मसुदा पुढे ओढला, एकुलत्या एका तिरक्या शिक्क्याकडे पाहिलं आणि घाम पुसला.

"एकाच बाजूचा शिक्का आहे," तो म्हणाला. "म्हणजे हा कागद अजून झालेलाच नाही. कंपनीने एक पैसा दिला नाही, कुणी घेतला नाही. माझ्यापुरतं, बाईंनी आज आपला जबाब दुरुस्त केला. पोलिसांकडे जाऊन तोच तिथेही दुरुस्त करा." मग तांग आजोबांकडे वळून तो म्हणाला की नव्याने लिहून घ्या, ब्रेक उशिरा दाबल्याचा थोडा दोष मोटारीचा, मोठा दुचाकीचा. सक्तीच्या विम्याचं मिळेल ते पूर्ण मिळेल. मोठ्या विम्यातलं मात्र दोषाच्या हिशोबाने थोडंसंच येईल, त्याला तो काही करू शकत नाही. तांग आजोबांनी मसुदा फाडला आणि कोरा कागद घेतला.

म्हणजे व्यवहाराने पाहिलं तर ते सगळेजण आत आले तेव्हापेक्षा गरीब होऊन बाहेर पडणार होते. पेइशान हिशोबी बाई, तिला ते सगळ्यात आधी कळलं असणार.  तरी तिने स्वतःच फिर्याद मागे घेण्याच्या कागदावर शिक्का उमटवला, आणि सूयिनसमोर येऊन खाली मान घालून उभी राहिली.

"वन्सं, तोंड माझं होतं," ती म्हणाली. "आणि पाय यांचा गेला, नाव तुमचं गेलं. मला काही म्हणा, पण म्हणा."

 सूयिनने पेइशानच्या हातातली शाईची डबी काढून घेतली, कारण तिच्या बोटांनी सगळं लाल करून टाकलं होतं, आणि रुमालाने तिची बोटं पुसली.

घरी सगळे सूयिनच्याच टॅक्सीतून गेले. मंदिराच्या चौकात सिग्नल लाल झाला आणि ती थांबली. पलीकडच्या पांढऱ्या चौकटीत पाचसहा स्कूटरवाले एकेक पाय टेकून उभे होते. एका स्कूटरच्या मागच्या बाजूला भाजीची पिशवी होती. बोवेन पुढच्या आसनावर बसून काचेतून त्यांच्याकडे बघत होता.  सिग्नल हिरवा झाला, तरी सूयिनने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहिलं आणि मग गाडी सोडली.

दुकानाचं शटर उघडून ते आत आले. आई कुणाची वाट न पाहता थेट चुलीपाशी गेली, आणि तिथल्या फळीवरून काहीतरी उचलून देव्हाऱ्यासमोर आली. तिच्या हातात एकच उदबत्ती होती, टोकाशी काळी पडलेली, पाण्याने रंग धुऊन निघाल्यामुळे फिकट दिसणारी.

"कालचीच आहे," आई म्हणाली. "वाळली आता."

सूयिनने तिच्याकडे पाहिलं. काल... काल तर फाका सापडल्या नव्हत्या, बोवेनला काही आठवलं नव्हतं. काल तर ती अजून भावाला मोडणारी बहीण होती. "कधी वाळत घातलीस?" तिने विचारलं.

"तू चपला घालत होतीस ना, तेव्हाच."

आईने काडी ओढली. ओल धरून बसलेली उदबत्ती लवकर पेटेना, दोन काड्या वाया गेल्या, तिसऱ्या काडीला तिने धूर धरला. मग आईने ती सूयिनच्या दोन्ही हातांत दिली, आणि स्वतः बाजूला सरून तिला बाबांच्या पाटीसमोर, पाटीच्या शेजारच्या रिकाम्या जागेसमोर, उभं राहायला वाट करून दिली.